आगा शाहिद अली : इंग्रजीला गझलेची शिस्त लावणारे कवी-प्राध्यापक

काश्मिरी-अमेरिकन कवी, अनुवादक आणि इंग्रजीचे प्राध्यापक आगा शाहिद अली यांचा जन्म ४ फेब्रुवारी १९४९ रोजी नवी दिल्ली येथे झाला. ८ डिसेंबर २००१ रोजी अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यातील ॲमहर्स्ट येथे, वयाच्या ५२व्या वर्षी, त्यांचे निधन झाले. त्यांनी सर्व कवितालेखन इंग्रजीतून केले आणि आयुष्याची अखेरची सुमारे पंचवीस वर्षे ते अमेरिकेत राहिले. तरीही अमेरिकन काव्यविश्वात त्यांनी जी भूमिका हिरिरीने मांडली, तिचे मूळ दिल्ली आणि लखनौच्या मैफिलींत होते. रदीफ आणि काफिया नसलेल्या रचनेला गझल म्हणता येणार नाही, असे ते अमेरिकन कवींना सांगत राहिले. हाच आग्रह मराठीत सुरेश भट यांनी त्याआधी दोन दशके धरला होता. त्यामुळे शाहिद अली यांचे नाव मराठी वाचकांना फारसे परिचित नसले, तरी त्यांचा वाद परिचयाचा वाटेल.

कुटुंब आणि बालपण

श्रीनगरमधील आगा घराणे शिया पंथीय असून शिक्षणाच्या क्षेत्रात नावाजलेले होते. शाहिद यांच्या आजी बेगम जफर अली या काश्मीरमधील पहिल्या मॅट्रिक उत्तीर्ण महिला मानल्या जातात. पुढे त्यांनी शाळा निरीक्षक म्हणून काम केले. वडील आगा अश्रफ अली हे काश्मीरमधील ख्यातनाम शिक्षणतज्ज्ञ होते. २०२० मध्ये त्यांचे निधन झाले. आई सुफिया या उत्तर प्रदेशातील रुदौलीच्या. घरात काश्मिरी, उर्दू आणि इंग्रजी या तीनही भाषा बोलल्या जात आणि फारसी काव्याचे पाठांतरही होत असे. अशा घरात वाढलेल्या मुलाने काव्यलेखनासाठी इंग्रजीची निवड केली, ती मातृभाषेविषयीच्या अनास्थेतून नव्हे. इंग्रजी ही त्यांना लहानपणापासून घरचीच भाषा होती.

या घरातील एक प्रसंग शाहिद आवर्जून सांगत. श्रीनगरच्या घरात आपल्या खोलीत हिंदू देवालय मांडण्याची इच्छा त्यांना लहानपणी झाली. आईने हा हट्ट केवळ मान्य केला नाही, तर मूर्ती आणि पूजेचे साहित्यही आणून दिले. काश्मिरी पंडितांना १९९० मध्ये खोरे सोडावे लागले, तेव्हा शाहिद यांना झालेल्या दुःखामागे हे बालपण होते. रोगन जोश पंडितांच्या पद्धतीनेच व्हावा, याबद्दल ते फार काटेकोर असत. या पाककृतीपुरती सूट ते कोणालाही देत नसत, आणि पुढे गझलेच्या बाबतीतही त्यांचा स्वभाव तसाच राहिला.

१९६०च्या दशकाच्या आरंभी वडील डॉक्टरेटसाठी अमेरिकेतील इंडियाना राज्यातील मन्सी या गावी गेले, तेव्हा सारे कुटुंब तेथे सुमारे तीन वर्षे राहिले. शाहिद यांनी अमेरिकन शाळेचा अनुभव घेतला तो याच काळात. तेथून परतल्यावर त्यांनी श्रीनगर येथे काश्मीर विद्यापीठात शिक्षण घेतले आणि पुढील शिक्षणासाठी ते दिल्लीला आले.

दिल्लीची वर्षे

दिल्ली विद्यापीठातून १९७० मध्ये त्यांनी इंग्रजीची एम.ए. पदवी मिळवली आणि त्यानंतर विद्यापीठाच्या उत्तर परिसरातील हिंदू कॉलेजमध्ये ते इंग्रजी शिकवू लागले. अमेरिकेत अध्यापक म्हणून त्यांचा लौकिक झाला खरा, पण वर्गात उभे राहण्याची सवय त्यांना दिल्लीतच लागली. 'बोन-स्कल्प्चर' हा त्यांचा पहिला कवितासंग्रह १९७२ मध्ये कोलकात्याच्या 'रायटर्स वर्कशॉप' या संस्थेने प्रसिद्ध केला. पी. लाल यांची ही संस्था हातमागाच्या साड्यांच्या कापडात पुस्तके बांधत असे. इंग्रजीत लिहिणाऱ्या अनेक भारतीय कवींची पहिली पुस्तके अशाच कापडी बांधणीत बाहेर पडली.

याच काळात इतिहासाचे अभ्यासक असलेले त्यांचे मित्र सलीम किदवई यांच्यामुळे शाहिद यांचा बेगम अख्तर यांच्याशी परिचय झाला. हा परिचय त्यांच्या आयुष्याला वळण देणारा ठरला. फैजाबादच्या बेगम अख्तर यांचा आवाज आकाशवाणीच्या श्रोत्यांच्या पिढ्यांनी ऐकला आहे. विवाहानंतर काही वर्षे त्यांनी गाणे सोडले होते, आणि १९४९ मध्ये त्या पुन्हा गाऊ लागल्या त्या लखनौ आकाशवाणीवरूनच. योगायोगाने शाहिद यांचे जन्मवर्षही तेच. गझल गाताना पहिली ओळ पुन्हा पुन्हा वेगवेगळ्या अंगाने आळवायची, श्रोत्यांची उत्कंठा ताणायची आणि मग दुसऱ्या ओळीच्या अखेरीस अपेक्षित शब्दावर अचूक येऊन थांबायचे, ही त्यांची खासियत. तो शब्द येण्यापूर्वीच मैफिलीतील श्रोते तो ओठांवर आणतात. रदीफ हा केवळ कागदावरील नियम नसून कवी आणि श्रोता यांच्यातील करार आहे, हे शाहिद यांनी पुस्तकातून नव्हे, तर या गायिकेकडून जाणले.

३० ऑक्टोबर १९७४ रोजी अहमदाबाद येथे बेगम अख्तर यांचे निधन झाले. शाहिद यांच्या १९७९ मधील दुसऱ्या संग्रहाचे नावच 'इन मेमरी ऑफ बेगम अख्तर अँड अदर पोएम्स' असे आहे. अमेरिकेतील घरात त्यांच्या ध्वनिमुद्रिका अखेरपर्यंत वाजत राहिल्या.

दिल्ली शहर त्यांच्या कवितेत प्रत्यक्ष येते ते काही वर्षांनंतर, दूर गेल्यावर. 'द हाफ-इंच हिमालयाज' या १९८७ च्या संग्रहात चांदणी चौकावर कविता आहे. जामा मशिदीजवळच्या गल्लीतील एका खाटकाशी उर्दू शेरांची देवाणघेवाण होते, अशी एक कविता आहे. कोझिन्त्सेव्ह या रशियन दिग्दर्शकाचा 'किंग लिअर' हा चित्रपट दिल्लीत पाहून बाहेर पडल्यावर शेवटचा मोगल बादशहा बहादूरशहा जफर आठवावा, अशीही एक कविता आहे. राज्य गमावलेला लिअर आणि राज्यासह दिल्लीही गमावून १८६२ मध्ये रंगूनला मरण पावलेला जफर यांची सांगड शेक्सपिअर शिकवणाऱ्या प्राध्यापकाला सुचणे स्वाभाविक आहे. पण जफर हा स्वतः गझलकार होता, हे विसरून ती कविता वाचता येत नाही.

अमेरिकेतील अध्यापन

१९७०च्या दशकाच्या मध्यावर शाहिद अमेरिकेला गेले. पेनसिल्व्हेनिया स्टेट विद्यापीठातून १९८४ मध्ये त्यांनी डॉक्टरेट मिळवली. टी. एस. एलियट यांनी 'द क्रायटेरियन' या नियतकालिकाचे केलेले संपादन हा त्यांचा अभ्यासविषय. लगेच पुढच्या वर्षी ॲरिझोना विद्यापीठाची सर्जनशील लेखनातील पदवीही त्यांनी घेतली. पुढे न्यूयॉर्क राज्यातील हॅमिल्टन कॉलेज आणि १९९३ पासून ॲमहर्स्ट येथील मॅसॅच्युसेट्स विद्यापीठ येथे त्यांनी अध्यापन केले. ॲमहर्स्टच्या सर्जनशील लेखन अभ्यासक्रमाचे संचालकपदही त्यांनी सांभाळले. १९९६ मध्ये त्यांना गुगनहाइम पाठ्यवृत्ती मिळाली.

कवी आणि प्राध्यापक ही जोडी अमेरिकेत नवी नाही. तेथील विद्यापीठांत कविता लिहिण्याचे रीतसर वर्ग असतात आणि बहुतेक नामवंत कवींचा चरितार्थ त्यावर चालतो. भारतीयांपैकी ए. के. रामानुजन यांनी शिकागो विद्यापीठात तीस वर्षांहून अधिक काळ अध्यापन केले. मात्र रामानुजन तमिळ-कन्नड साहित्याचे आणि भाषाशास्त्राचे अभ्यासक म्हणून शिकवत, तर शाहिद कविता रचण्याचे शिक्षण देत. त्यांच्या विद्यार्थ्यांत पाकिस्तानी कादंबरीकार कमिला शम्सी यांचा समावेश होतो. त्यांनी हॅमिल्टन आणि ॲमहर्स्ट या दोन्ही ठिकाणी शिक्षण घेतले. श्रीनगरच्या शिक्षकाकडे कराचीच्या मुलीने न्यूयॉर्क राज्यातील एका छोट्या कॉलेजात लेखन शिकावे, हे उपखंडात त्या काळी सहजासहजी घडले नसते.

भारतात मात्र त्यांची नोंद भारतीय कवी म्हणूनच होत राहिली. अरविंद कृष्ण मेहरोत्रा यांनी १९९२ मध्ये संपादित केलेल्या बारा आधुनिक भारतीय इंग्रजी कवींच्या प्रातिनिधिक संग्रहात अरुण कोलटकर आणि दिलीप चित्रे या आपल्या द्वैभाषिक कवींबरोबर शाहिद यांच्या कविता आहेत.

१९९१ मध्ये त्यांची दोन पुस्तके प्रसिद्ध झाली. 'अ नॉस्टॅल्जिस्ट्स मॅप ऑफ अमेरिका' या संग्रहात ॲरिझोनाचे वाळवंट आहे आणि एड्सने मरण पावलेल्या एका मित्राच्या आठवणी आहेत. दुसरे पुस्तक म्हणजे फैज अहमद फैज यांच्या निवडक कवितांचा 'द रिबेल्स सिल्हूट' हा अनुवाद. फैज बैरुतमध्ये निर्वासितासारखे जीवन जगत असताना शाहिद यांनी पत्राने त्यांची अनुमती मिळवली होती. अमेरिकन वाचकांना तोवर पाब्लो नेरुदा ठाऊक होते, फैज नव्हते, आणि याचा शाहिद यांना विषाद वाटे. लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी की, फैज यांच्या गझलांचा अनुवाद करताना त्यांनी रदीफ-काफिया सांभाळण्याचा हट्ट धरला नाही. अर्थ आणि यमक यांपैकी एकाचीच निवड करण्याची वेळ अनुवादकावर येते, तेव्हा त्यांनी अर्थ राखला. नियमांचा आग्रह त्यांनी धरला तो इंग्रजीत मुळातच लिहिल्या जाणाऱ्या गझलेसाठी.

गझलेचा वाद

हा वाद समजून घेण्यासाठी थोडे मागे जावे लागते. १९६९ हे मिर्झा गालिब यांच्या निधनाचे शताब्दी वर्ष होते. त्या निमित्ताने एजाज अहमद या उर्दूच्या अभ्यासकाने गालिबच्या काही गझलांचे शब्दशः अनुवाद ॲड्रिएन रिच, डब्ल्यू. एस. मर्विन आदी अमेरिकन कवींना दिले आणि त्यावरून त्यांनी आपल्या परीने इंग्रजी कविता रचल्या. हे पुस्तक १९७१ मध्ये प्रसिद्ध झाले. (एजाज अहमद पुढे अनेक वर्षे दिल्लीत वास्तव्यास होते.) या प्रयोगातून इंग्रजीत गझलेची लाट आली. परंतु ती गझल म्हणजे परस्परांशी संबंध नसलेल्या दोन-दोन ओळींची मुक्तछंद कविता होती. शेर स्वतंत्र असतो एवढेच अमेरिकन कवींनी उचलले आणि त्या सुट्या शेरांना बांधणारा धागा मात्र शब्दशः अनुवादात गळून पडला होता.

मराठी वाचकांना हा धागा माहीत आहे. समजा, रदीफ 'आज रात्री' असा आहे. मतल्यात, म्हणजे पहिल्या शेरात, दोन्ही ओळी 'आज रात्री' या शब्दांनी संपतील, आणि त्याआधी 'दिवा', 'थवा' यांसारखा काफिया येईल. पुढच्या प्रत्येक शेराच्या दुसऱ्या ओळीत हा काफिया आणि हा रदीफ यायलाच हवा. मतला लिहीपर्यंत कवी स्वतंत्र असतो आणि नंतर तो स्वतःच घातलेल्या बंधनात राहतो. शेरांचे विषय भिन्न असू शकतात, किंबहुना असावेत. शाहिद यांचे म्हणणे असे की, अर्थाची ही फारकत खुलते ती रचनेची एकता अभंग असते म्हणूनच. २००० मध्ये त्यांनी 'रॅव्हिशिंग डिसयुनिटीज' या नावाने नियमबद्ध इंग्रजी गझलांचे संकलन संपादित केले. त्यासाठी त्यांनी अनेक अमेरिकन कवींना रीतसर गझल लिहायला लावले. काही अमेरिकन 'गझल' हा शब्दच भलत्याच प्रकारे उच्चारत, याचीही त्यांनी थट्टा केली आहे.

इंग्रजीत रदीफ साधणे अवघड का, याचे उत्तर वाक्यरचनेत आहे. मराठी आणि उर्दू वाक्य क्रियापदाने संपते. त्यामुळे 'आहे', 'होते', 'नाही' असे रदीफ आपल्याकडे सहज जुळतात. इंग्रजी वाक्यात क्रियापद मध्ये येते आणि शेवटी कर्म किंवा एखादे क्रियाविशेषण येते. शाहिद यांनी ही अडचण ओळखून रदीफ म्हणून वाक्याच्या अखेरीस सहज बसणारे शब्दबंध निवडले. 'टुनाइट' आणि 'इन ॲरेबिक' या रदीफांच्या त्यांच्या गझला सर्वाधिक गाजल्या. हा उपाय दिसायला साधा, पण तो सुचण्यासाठी दोन्ही भाषांचा कान असावा लागतो.

मराठीत माधव जूलियन यांनी हा पूल आधीच बांधला होता. ते स्वतः फारसीचे प्राध्यापक आणि फारसी-मराठी कोशाचे कर्ते. त्यांचा 'गज्जलांजली' हा संग्रह १९३३ चा. परंतु गझल मराठीत रुजवली ती अमरावतीच्या सुरेश भट यांनी. 'रंग माझा वेगळा' (१९७४) आणि 'एल्गार' (१९८३) या संग्रहांबरोबरच 'गझलेची बाराखडी' लिहून त्यांनी नवोदितांना मतला, काफिया, रदीफ आणि अलामत यांचे धडे दिले. भट यांचा आग्रह शाहिद यांच्यापेक्षाही कठोर होता, कारण ते वृत्ताच्या बाबतीतही तडजोड करत नसत. मराठीत अक्षरगणवृत्तांची आणि मात्रावृत्तांची परंपरा असल्याने ते शक्यही होते. इंग्रजी छंद आघातावर चालतो, म्हणून शाहिद यांनी उर्दूच्या बहरचा हट्ट धरला नाही आणि ओळींची लांबी सारखी ठेवण्यावर समाधान मानले. इंग्रजी गझल कानाला उर्दू किंवा मराठी गझलेएवढी भरीव वाटत नाही, याचे कारण बहुधा हेच असावे.

मक्त्यात, म्हणजे अखेरच्या शेरात, कवी आपले नाव गुंफतो. शाहिद यांनी आपल्या नावाच्या अर्थाचा येथे पुरेपूर उपयोग केला. शाहिद या शब्दाचा अर्थ अरबीत साक्षीदार आणि फारसीत प्रियतम. १९९२ मध्ये भारतात निघालेल्या त्यांच्या निवडक कवितांच्या पुस्तकाचे नाव 'द बिलव्हेड विटनेस' असे आहे. (मराठीत त्यांचे नाव काही वेळा 'शहीद' असे छापले जाते. तो शब्द त्याच अरबी धातूपासून आला असला तरी निराळा आहे.)

टपालाविना प्रदेश

१९९० मध्ये काश्मीर खोऱ्यात हिंसाचाराचा भडका उडाला आणि टपालवाटप कित्येक महिने ठप्प झाले. पत्रांचे ढीग टपाल कार्यालयांत पडून राहिले. १९९७ मध्ये प्रसिद्ध झालेला 'द कंट्री विदाउट अ पोस्ट ऑफिस' हा संग्रह याच अनुभवातून आला. शाहिद यांचा सर्वाधिक वाचला गेलेला संग्रह हाच. यात जळलेली घरे आहेत, बेपत्ता तरुण आहेत, खोरे सोडून गेलेले पंडित आहेत. मात्र घोषणा जवळजवळ नाहीत. जेम्स मेरिल या अमेरिकन कवीच्या सहवासात शाहिद यांना बंदिस्त रचनेची गोडी लागली होती, आणि सर्वाधिक क्षोभाच्या विषयासाठी त्यांनी सर्वाधिक बांधीव रचना निवडली. दुःख मोकाट सोडले तर ते विरून जाते, ही समज त्यामागे दिसते. बेगम अख्तर यांच्या गायकीचेही हेच सूत्र होते.

या संग्रहाचे नाव दिल्लीच्या बातम्यांत आले ते मात्र वेगळ्याच कारणाने. ९ फेब्रुवारी २०१६ रोजी जवाहरलाल नेहरू विद्यापीठात झालेल्या वादग्रस्त कार्यक्रमाला हे शीर्षक देण्यात आले होते. त्यानंतर राजद्रोहाचे गुन्हे दाखल झाले, विद्यार्थी नेत्यांना अटक झाली आणि देशभर चर्चा झडली. त्या चर्चेत शीर्षक वारंवार उच्चारले गेले, कवीचा आणि कवितांचा उल्लेख क्वचितच झाला.

संग्रह प्रसिद्ध झाला त्याच वर्षी, एप्रिल १९९७ मध्ये, आईचे मेंदूच्या कर्करोगाने निधन झाले. उपचारांसाठी त्यांना अमेरिकेत आणण्यात आले होते. शाहिद आणि कुटुंबीयांनी आईचे पार्थिव काश्मीरला नेले. मॅसॅच्युसेट्स ते श्रीनगर हा शवपेटीसह केलेला प्रवास 'रूम्स आर नेव्हर फिनिश्ड' या संग्रहाच्या केंद्रस्थानी आहे. त्यात करबलाची कथा आणि जैनबचा शोक आईच्या मृत्यूशी गुंफला आहे. हा संग्रह २००१ च्या अमेरिकेतील नॅशनल बुक अवॉर्डच्या अंतिम यादीत होता. पुरस्कार ॲलन डुगन यांना मिळाला.

तोवर शाहिद स्वतः आजारी होते. फेब्रुवारी २००० मध्ये त्यांना अचानक भोवळ आली आणि तपासणीत मेंदूतील गाठ आढळली. आईला झालेलाच हा आजार. न्यूयॉर्कच्या बरूक कॉलेजमधील २००० च्या वसंत सत्रातील वर्ग हा त्यांचा अखेरचा वर्ग ठरला. आपल्या मागे आपल्याविषयी काही लिहावे, असे त्यांनी कादंबरीकार अमिताव घोष यांना सांगून ठेवले होते. घोष यांनी तो शब्द पाळला. त्यांचा लेख एनसीईआरटीच्या अकरावीच्या 'स्नॅपशॉट्स' या पूरक वाचनाच्या पुस्तकात अनेक वर्षे होता. दिल्लीसह देशभरातील असंख्य विद्यार्थ्यांना शाहिद यांची ओळख झाली ती कवितांतून नव्हे, तर या लेखातून.

गझलांचा एकत्रित संग्रह 'कॉल मी इश्माएल टुनाइट' त्यांच्या निधनानंतर, २००३ मध्ये प्रसिद्ध झाला. मेलव्हिलच्या 'मोबी डिक'चे सुप्रसिद्ध सुरुवातीचे वाक्य आणि आपला आवडता रदीफ यांची त्यांनी शीर्षकात घातलेली ही सांगड आहे. त्याच वर्षी मार्चमध्ये सुरेश भट यांचेही नागपूर येथे निधन झाले. शाहिद यांची समग्र कविता 'द व्हेल्ड स्वीट' या नावाने २००९ मध्ये आली, आणि मनन कपूर यांनी लिहिलेले त्यांचे चरित्र २०२१ मध्ये.

अखेरचे दिवस काश्मीरमध्ये घालवावेत, अशी शाहिद यांची इच्छा होती. ते शक्य झाले नाही. ॲमहर्स्टजवळच्या नॉर्थॅम्प्टन येथे त्यांचे दफन झाले. ॲमहर्स्ट हे त्यांच्या आवडत्या कवयित्री एमिली डिकिन्सन यांचे गाव.